एक बेचाळीसचा उंचवटा

चोरीचा पिक्चर कशाला म्हणायचं, याबद्दल नंदिनी मेश्रामचं मत पक्कं होतं. मार्च महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत, तिने ते एका पाठकोऱ्या कागदावर मुद्देसूद लिहूनही दिलं होतं. तो कागद एक दिवस आपल्याच गळ्याशी येईल, हे मे महिन्यातल्या त्या मंगळवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

रामदासपेठेतल्या एका खाजगी कॅन्सर हॉस्पिटलच्या तळमजल्यावर औषधांची खोली आहे. नंदिनी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून दीड वर्षापूर्वी तिथे लागली. तिच्याकडे फ्रीज होता. घरातल्यासारखा नव्हे, माणसाएवढा उंच, काचेच्या दाराचा, कार्ड लावल्याशिवाय न उघडणारा. त्यातली इंजेक्शनं दोन ते आठ अंशांमध्येच ठेवावी लागतात, कारण ती प्रथिनांची असतात. अंड्याचा पांढरा बलक एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, तसं त्यांचं. फरक एवढाच की बिघडलेलं इंजेक्शन दिसायला चांगल्यासारखंच दिसतं. फ्रीजमधला एक लहानसा लॉगर दर मिनिटाला तापमान टिपतो. नंदिनी रोज संध्याकाळी दिवसाचं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान वहीत लिहायची, आठच्या आत असलं की सही करायची आणि घरी जायची.

जेवायला पॅन्ट्रीत तिघं बसत. नंदिनी, खरेदी विभागातला अनिश आणि रामाजी. रामाजी म्हणजे औषधांचा बर्फाचा डबा वॉर्डात पोहोचवणारे साठीला टेकलेले मदतनीस. अनिश बोलका, दिलदार, पिक्चरचा वेडा. मंगळवारी आणि शुक्रवारी खालच्या टपरीवरून चहा तोच आणायचा, आणि कोणाला पैसे काढू द्यायचा नाही.

त्या मार्चमधल्या दुपारी वाद पेटला होता.

"चोरीच्या पिक्चरले हिरो पाहिजे, गॉगल पाहिजे, गाडी पाहिजे," अनिश म्हणाला होता. "बाकी सब चलता है."

"गाडी नसली तरी चालते," नंदिनी म्हणाली. "प्लॅन पाहिजे. प्लॅन हाच हिरो. आधी तो पाहणाऱ्याले पूर्ण समजावून सांगायचा, अन् मग एका ठिकाणी बिघडवायचा. मला बोगदा खणणारे आवडतात. महिनाभर माती खिशात भरून बाहेर नेतात ना, तसले. अन् तालीम पाहिजे. तालमीशिवाय चोरी दाखवली तर ती नुसती चोरी झाली, पिक्चर नाही झाला."

"अन् आतला माणूस," अनिश म्हणाला.

"आतला माणूस तर पाहिजेच. अन् अदलाबदल. खरं उचलायचं, खोटं ठेवायचं, म्हणजे चोरी झाली हे कोणाले कळतच नाही."

रामाजी पोळी कुस्करत होते. "शेवटी चोर पकडला जाते का पण?"

"नाही गा रामाजी," अनिश म्हणाला. "पकडला तर मजाच गेली."

"मंग ज्याचं गेलं त्याचं काय?"

"बँकेचं जाते. नाहीतर एखाद्या सेठचं. इन्शुरन्स राहते न त्याचा."

नंदिनीने यावर जरा विचार केला होता. "बरोबर आहे रामाजींचं. ज्याचं जाते तो माणूस अशा पिक्चरमध्ये दिसतच नाही. दिसला तर तो दुसराच पिक्चर होऊन जाते."

"मोठी व्याख्यावाली," अनिश हसला. "इतकं येते तर आपला फ्रीज लुटून दाखव."

आणि तिने दाखवला. जुन्या तक्त्याच्या पाठीवर, क्रमांक घालून, सेकंदांसकट. *वेळ: १:३० ते २:१५, खोलीत कोणी नाही. कार्ड: नंदिनीच्या ॲप्रनला, ॲप्रन घालून जेवायला जायचं नाही असा नियम, म्हणून खुंटीवर. कॅमेरा: फक्त काउंटरवर, पाठमोरा पांढरा ॲप्रन दिसेल, पाठीला नाव नसतं. रामाजी: जेवण झालं की पंख्याखाली डुलकी. काय उचलायचं: वरच्या कप्प्यातली पुढची रांग, हात सहज पोहोचतो. त्याच आकाराची खोकी त्याच जागी ठेवायची. तालीम: किमान सहा वेळा, दार उघडण्यापासून लावण्यापर्यंत पन्नास सेकंदांच्या आत.*

डुलकीचं वाचून रामाजी खूप हसले होते. अनिशने कागदाचा फोटो काढला. "आपण पिक्चर काढू यावर," तो म्हणाला. कागद नंदिनीने टेबलाच्या खणात टाकला आणि ती विसरून गेली.

आता मे होता. बाहेर पंचेचाळीस अंश. बुधवारी तपासणीसाठी बाहेरचे लोक येणार म्हणून शामला मॅडमनी, म्हणजे औषधविभागाच्या प्रमुखांनी, फ्रीजच्या तापमानाचा तीन महिन्यांचा आलेख एकाच लांब पट्टीवर छापून मागितला होता. जेवण झाल्यावर नंदिनीने खुंटीवरचा ॲप्रन चढवला, प्रिंटरमधून पट्टी काढली आणि टेबलावर पसरली. रोज ती आकडे पाहत असे. रेघ अशी सलग तिने पहिल्यांदाच पाहिली.

रेघ सपाट होती. सकाळी औषधं भरताना दार उघडं राहतं तेव्हाचे उंचवटे होते, संध्याकाळचे होते. जेवणाच्या सुट्टीत काहीच नसायला हवं होतं. पण एप्रिलच्या मध्यापासून दुपारी एक बेचाळीसला एक बारीक उंचवटा दिसत होता. आधी तिला नुसतं कुतूहल वाटलं. तिने फूटपट्टी लावली, पेन्सिलीने खुणा केल्या. मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. शुक्रवार. उंची सहा पूर्णांक आठ, मग सहा पूर्णांक एक, पाच सात, पाच चार, पाच एक, चार नऊ. एकही आठच्या वर नाही, म्हणून अलार्म कधी वाजला नाही आणि तिने रोज सही केली.

उंचवटे लहान होत होते. म्हणजे दार कमी कमी वेळ उघडं राहत होतं. म्हणजे कोणीतरी तेच काम अधिकाधिक चपळाईने करायला शिकत होतं.

सहा वेळा.

सातवा उंचवटा आजचा होता. एक बेचाळीस. सात पूर्णांक सहा. हा शिकणाऱ्याचा नव्हता. यात आत काहीतरी ठेवलं गेलं होतं.

तिने कॉम्प्युटरवर दाराच्या कुलुपाची नोंद उघडली. सातही वेळी एकच नाव होतं. एन. मेश्राम. तिने मान खाली घालून ॲप्रनकडे पाहिलं. कार्ड उजव्या खिशाला अडकवलेलं होतं. ती नेहमी डावीकडे लावायची.

खण उघडून तिने कागद काढला. अक्षर तिचं, सेकंद तिचे. कॅमेरा होता, कुलूप होतं, बिचारे रामाजी होते. लॉगर नव्हता. तो लिहायचं तिला सुचलंच नव्हतं, कारण तिच्या लेखी तो पहारेकरी नव्हताच, रोजचं काम होतं. आणि ज्याने हा कागद पाळला, त्याने तो इतका तंतोतंत पाळला की तिची चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली. त्यामुळेच तिला खात्री पटली. फोटो एकाकडेच होता, आणि मंगळवारी-शुक्रवारी चहासाठी जेवणातून उठायचाही तोच.

तिने फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात वीस खोकी, मोजून वीस, त्यातली सहा पुढच्या रांगेत. नाव बरोबर, छपाई बरोबर. पुढच्या रांगेतलं पहिलं खोकं तीन वाजता दुसऱ्या मजल्यावर जायचं होतं, सहा नंबरच्या बेडवर, तुळसाबाईंना.

तुळसाबाई रामटेकजवळच्या गावातून दर तिसऱ्या मंगळवारी बसने यायच्या. इंजेक्शन घेऊन झालं की औषधांच्या खिडकीशी येऊन "झालं वं माय, जातो" असं सांगून जायच्या. दिवाळीनंतर एकदा त्यांनी घरच्या धानाचा नवा तांदूळ पिशवीत बांधून आणला होता. या औषधाने त्यांची गाठ आक्रसत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकही मात्रा चुकता कामा नये.

पुढच्या सहा खोक्यांत काय असेल? मिठाचं पाणी? की आणखी काही? उघडून पाहिलं तरी डोळ्यांना कळणार नव्हतं.

मग तिला आठवलं, खोटी खोकी बाहेरून आली आहेत. बाहेर पंचेचाळीस अंश आहेत.

कोविडच्या काळापासून भिंतीला टांगलेली, कपाळावर धरून ताप मोजायची बंदूक तिने घेतली, तिची कळ 'माणूस'वरून 'वस्तू'वर सरकवली आणि मागच्या रांगेवर धरली. चार. चार. चार पूर्णांक एक. पुढची रांग: बारा पूर्णांक एक. अकरा पूर्णांक नऊ. बारा. सहाही तशीच.

दोन एकतीस.

तिने दार लावलं. आकडे वहीत लिहिले. चार मिनिटांनी तिने पुन्हा मोजलं. अकरा पूर्णांक दोन. गरम वस्तू थंड जागी ठेवली की कशी निवते, हे तिने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकलेलं होतं. डोकं भीतीने बधिर झालेलं असतानाही हिशेब आपोआप झाला: दर चोवीस मिनिटांनी फरक निम्मा होणार. साडेतीनला साडेपाच अंश. चार-सव्वाचारपर्यंत खरी आणि खोटी खोकी सारखी. मग कोणालाच काही सिद्ध करता येणार नाही.

आणि तिथेच तिला ते सुचलं, ज्याची पुढे तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. काहीच करायचं नाही. पट्टी घडी करून ठेवायची. दीड तास गप्प बसायचं. सातही नोंदी तिच्या नावावर होत्या, कागद तिच्या हातचा होता. बोलली तर पहिला हात तिच्याच मानगुटीवर पडणार. न बोलली तर फ्रीज आपला आपण सगळं पुसून टाकेल.

"काय मोजून राहिली?"

अनिश दारात उभा होता. हातात कागदी कपात चहा. "तुझा राहिला होता," तो म्हणाला आणि कप टेबलावर ठेवला. ठेवताना त्याची नजर पसरलेल्या पट्टीवर गेली आणि पेन्सिलीच्या खुणांवर थांबली.

"उद्या तपासणी आहे ना," नंदिनी म्हणाली.

"हं." त्याने दार हलकेच ओढून घेतलं. "नंदिनी, एक सांगू? आतला माणूस पिक्चरमध्ये कधी बोलत नाही. काहून माहीत आहे? सगळ्यात आधी त्यालेच धरतात."

"मी तुझ्या टोळीत नाही, अनिश."

"कागद तर तुझाच आहे. माझ्याकडे नुसता फोटो आहे." तो हसला. तेच जेवणाच्या टेबलावरचं हसू. "घाबरू नको ना यार. कोणाचं काही जात नाही. हॉस्पिटलचा इन्शुरन्स आहे. अन् घेणाराही पेशंटच आहे, त्याले स्वस्तात मिळते. दोन्हीकडून पुण्यच."

"कुठे ठेवली तू ती?"

त्याचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"स्कूटरच्या डिकीत?"

त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. पार्किंगला छप्पर नव्हतं. बंद डिकीत तासाभरात साठ-पासष्ट अंश होत असतील. बर्फाचं तिच्या कागदात काही नव्हतं, म्हणून त्यानेही काही आणलं नव्हतं.

"मेली ती," नंदिनी म्हणाली. "सहाही. तू ज्याले विकशील त्याले पाणीच देशील. अन् इकडे तुळसाबाईलेही पाणीच जाईल."

"कोण तुळसाबाई?"

त्याने खरोखरच विचारलं होतं. दर तिसऱ्या मंगळवारी ज्या खिडकीसमोरून तो चहा घेऊन जायचा, त्याच खिडकीशी त्या उभ्या असायच्या.

दारावर टकटक झाली आणि रामाजी निळा बर्फाचा डबा घेऊन आत आले. "चाल वं पोरी, दोन चाळीस झाले. सहा नंबरचं दे. बाईले चारची बस हाय."

अनिश बाजूला सरकला. तो गेला नाही. फ्रीजच्या काचेवर त्याचं अंधुक रूप दिसत होतं. नंदिनीला एकाएकी वाटलं, रामाजींच्या डब्यात मागच्या रांगेतलं खोकं घालावं. खरं, चार अंशांचं. तुळसाबाईंना औषध मिळेल, कोणाला काही कळणार नाही. पण उद्या सकाळी अकराला सात नंबरच्या बेडवर कोणीतरी असेल, परवा तीन नंबरवर, आणि ती रोज किती जणांसाठी रांगा बदलत बसणार? शिवाय मागची तरी खरी कशावरून, सहा तालमींमध्ये त्याने काय काय केलं हे कोणाला ठाऊक?

"रामाजी, डबा तिथेच ठेवा," ती म्हणाली. "आणि या खोलीतच थांबा. दार उघडं राहू द्या."

"काहून वं? काय झालं?"

कागद, पट्टी आणि बंदूक घेऊन ती अनिशच्या अगदी जवळून बाहेर पडली. त्याने अडवलं नाही. शामला मॅडमच्या केबिनपर्यंत सतरा पावलं होती आणि प्रत्येक पावलागणिक तिला मागून आपलं नाव ऐकू येईल असं वाटत होतं.

"मॅडम, दुसऱ्या मजल्यावर फोन करा. सहा नंबरचं इंजेक्शन थांबवा. आणि माझ्याबरोबर चला, आत्ता. दहा मिनिटांनी चला म्हटलं तर उपयोग नाही."

शामला मॅडम तीस वर्षं नोकरीत होत्या आणि तीस वर्षांत त्यांना कोणी "आत्ता" म्हटलं नव्हतं. त्यांनी नंदिनीच्या तोंडाकडे पाहिलं, फोन उचलला, दोन वाक्यं बोलल्या आणि उठल्या.

खोलीत रामाजी डबा पोटाशी धरून उभे होते. अनिश नव्हता.

"कुठे गेला?"

"भराभरा गेला बाहेर. चहा सांडला त्यानं. काय हाय पोरी हे?"

"मॅडम, तुम्ही स्वतः मोजा," नंदिनी म्हणाली आणि बंदूक त्यांच्या हातात दिली. "माझ्या हाताने नको."

मॅडमनी मोजलं. चार. चार. मग पुढची रांग. आठ पूर्णांक सहा. त्यांनी पुन्हा मोजलं. आठ पूर्णांक सहा. एकाच कप्प्यात, एकाच थंडीत. दोन पन्नास झाले होते. नंदिनीने वहीत आकडे लिहिले, वेळ लिहिली, मॅडमनी सही केली, रामाजींनी सावकाश आपलं नाव लिहिलं. मॅडमनी फाटकावर फोन लावून खरेदीतल्या अनिशची स्कूटर बाहेर सोडू नका म्हणून सांगितलं. फाटकावरच्या माणसाने काय उत्तर दिलं ते नंदिनीला ऐकू आलं नाही. मॅडमनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता.

"दार कोणाच्या कार्डाने उघडलं?"

"माझ्या."

"सातही वेळा?"

"हो." आणि विचारायच्या आधीच तिने कागद पुढे केला. "अन् हे मीच लिहिलं आहे. मार्चमध्ये. पिक्चरच्या गप्पा चालल्या होत्या."

मॅडम उभ्याउभ्याच कागद वाचत गेल्या. डुलकीच्या ओळीशी त्यांनी रामाजींकडे पाहिलं. रामाजींनी मान खाली घातली, आणि नंदिनीला त्या दिवशीच्या सगळ्या भीतीत लाज पहिल्यांदा वाटली.

"इतकं सगळं लिहिलं," मॅडम शेवटी म्हणाल्या, "अन् लॉगर काहून नाही लिहिला?"

"सुचलं नाही, मॅडम."

"पोलिसांसमोर हेच सांगशील?"

"हेच आहे."

"कार्ड टेबलावर ठेव. कुठे जायचं नाही, कोणाले फोन करायचा नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवते की नाही, हे मी आत्ता सांगणार नाही." त्यांनी कागदाची घडी केली. मग थांबल्या. "मोजायचं तू थांबवू नकोस. दर पाच मिनिटांनी. रामाजी, तुम्ही वेळ सांगा."

म्हणून ती मोजत बसली. रामाजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ सांगत, एक शब्द जास्त बोलत नसत. सात नऊ. सात चार. सात शून्य. फ्रीज आपलं काम चोख करत होता. बाहेर पावलं वाजली की ती मान वळवून दाराकडे पाही.

तीन वीसला खिडकीशी पावलं थांबली. पोलीस नव्हते. डोक्यावरून पदर घेतलेल्या, हातात कापडी पिशवी धरलेल्या तुळसाबाई होत्या. औषधासाठी टोचून ठेवलेल्या सुईवरची पट्टी हाताला तशीच होती.

"माय, आज नाही म्हणते वरची सिस्टर," त्या म्हणाल्या. "काहून नाही म्हणते? मी तं पहाटेची निघाली. औषध सरलं का?"

रामाजींनी नंदिनीकडे पाहिलं. तिने बंदूक खाली ठेवली, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि दार उघडून तुळसाबाईंना आत घेतलं.

"सरलं नाही," ती म्हणाली. "मीच थांबवलं. बसा. तुमची बस चुकेल, पण सगळं सांगते."

"तीन पंचवीस," रामाजी म्हणाले.